गाडी नाही, दोर नाही

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात येणारे फोन मी दोन प्रकारांत विभागले होते. पुडीवाले आणि गाडीवाले. पुडीवाले आवाज खाली आणून विचारायचे, "ताई, त्याला न कळता भाजीत घालायचं काही मिळतं का?" गाडीवाले थेट पत्ता सांगायचे. "सकाळी आंघोळीला गेला की या. चार पोरं आणा, दणकट. दार आम्ही बाहेरून लावून ठेवतो." दोघांनाही मी एकच सांगायची, "थांबा, पद्माक्कांना देते."

पद्माक्का फोन घेत आणि समोरच्याचं सगळं ऐकून म्हणत, "गाडी नाही. दोर नाही. पुडी नाही. घरातले सगळे बसणार असाल तर मी येते."

"बसून काय होणार?" समोरचा विचारायचा.

"इतकी वर्षं उभं राहून काय झालं?"

सोलापूरबाहेर, कुंभारीच्या रस्त्याला आमचं केंद्र आहे. मी तिथलं कार्यालय बघते. दाखल झालेल्या माणसावर उपचार करायला डॉक्टर होते, समुपदेशक होते. अक्कांचं काम दाखल न झालेल्या माणसाचं. 'मला काही झालेलं नाही, मी कुठंही येणार नाही' असं म्हणणाऱ्याला उपचारासाठी राजी करायचं. समाजकार्याचं शिक्षण झाल्यावर त्यांनी याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं होतं. लोकांना मात्र हे काम आहे हेच कळत नसे. एका बाईनं त्यांना तोंडावर विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही लग्न जुळवणाऱ्यांसारखं करता का?" अक्का म्हणाल्या, "हां, तसंच. फक्त नवरदेव पळून जायच्या तयारीत असतो."

अक्का ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. आवाज असा, की आतल्या खोलीतलं त्यांचं बोलणं फाटकावरच्या वॉचमनला ऐकू जाई आणि तो तिथून हसत बसे. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागाला भिंत लागून असलेल्या घरात त्या वाढल्या. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि माग चालू असला की नुसते ओठ. "आईनं जेवायला हाक मारली तरी पाहुण्यांना वाटायचं भांडण लागलं," असं त्या सांगत. मागाच्या खडखडाटात ओठांवरून बोलणं ओळखायची सवय त्यांना लहानपणीच लागली होती, आणि ती कामात फार उपयोगी पडे. एखादा नवरा छाती पुढे काढून सांगत असायचा, "मी आठवड्यातनं एकदाच घेतो." कोपऱ्यातली बायको ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. अक्का नवऱ्याकडं बघतच म्हणायच्या, "वहिनी, ते जरा मोठ्यानं सांगा की."

मला त्या 'यादीबाई' म्हणत. मला प्रत्येक गोष्टीची यादी लागते, हे खरं आहे. बैठकीला मी त्यांच्यासोबत जायची, आणि घरच्यांना आधी द्यायचे नियमही मीच टाइप केले होते. मोबाईल बंद. शेजारी नकोत. कुणी रडलं तर रडू द्यावं, पाणी आणायला उठू नये. देवाची शपथ घालू नये. बोलायला सुरुवात 'तू असा' अशी करू नये, 'मी हे पाहिलं' अशी करावी. प्रत्येकानं शेवटी एकच गोष्ट सांगावी: त्याच्यासाठी आजवर जे झाकत आलो, त्यातलं उद्यापासून काय करणार नाही. आणि सगळ्यात खाली: बैठक संपेपर्यंत चहा नाही.

या चहाला कारण होतं. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही शहरातल्या एका सुखवस्तू घरी गेलो. घरचे इतके घाबरलेले होते, की घाबरलेली माणसं करतात तेच त्यांनी केलं. सतरंजी अंथरली, शेजारून खुर्च्या आणल्या, पोहे केले. ज्याच्यासाठी आलो होतो तो गृहस्थ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला आणि म्हणाला, "या, या. उन्हाचा त्रास नाही ना झाला?" ताटल्या त्यानंच फिरवल्या. त्याच्या आईनं अक्कांचं माहेर विचारलं. त्याचा मेव्हणा, जो यानं दारूच्या नशेत लेकीला स्कूटरवरून कसं पाडलं ते सांगणार होता, दुसऱ्या चहाला त्याच्याच हातच्या आमटीचं कौतुक करू लागला. शेवटी त्या गृहस्थानं आम्हा सर्वांचे आभार मानले. निघताना आईनं हळदीकुंकू लावून अक्कांची खणानारळानं ओटी भरली. जिन्यात शेजारीण भेटली. तिनं हळूच विचारलं, "मग? पसंत का?"

रिक्षात बसल्यावर अक्कांनी तो नारळ मांडीवर ठेवला. "यादीबाई, लिहा. चहा बंद. पाहुण्यासमोर घरचं वाईट बोलत नाहीत आपली माणसं. चहा घेतला की मी पाहुणी झाले."

बैठकीआधी त्या तालीम घ्यायच्या. पिणारा घरात नसताना बाकीच्यांना बसवायचं आणि स्वतः पिणारा व्हायचं. आधी त्याच्याविषयी बारीकसारीक विचारून घ्यायच्या. कसा रागावतो, रडतो का, पाया पडतो का, जुनं काय उकरून काढतो. मग पदर कमरेला खोचून मांडी ठोकून बसायच्या, आणि समोर साक्षात तो माणूस.

टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या एकाची बायको, अंबिका, मला आठवते. नवरा उठला नाही की ती मुकादमाला फोन करून 'ताप आलाय' म्हणून सांगायची. हे फोन आता बंद करणार, एवढंच तिनं बैठकीत सांगायचं होतं. तालमीत तिनं ते छान सांगितलं. अक्कांनी मान खाली घातली. मग हळूहळू खांदे हलायला लागले.

"अंबे, तू पण? आख्खं जग माझ्यावर उलटलं तर उलटलं बे, तू पण?"

"तसं न्हाय हो..."

"तुझ्या गळ्याची शपथ. उद्यापासनं थेंब नाही. एक फोन. शेवटचा."

अंबिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं, बरं. रडू नका. करते मी फोन."

अक्का खाडकन ताठ बसल्या. "बघ! मी प्यालेली नाही, तुझा नवरा नाही, मला मिशीसुद्धा नाही. तरी तू मला माफ केलंस!" अंबिका आधी चमकली, मग पदरात तोंड घालून हसत सुटली. तिची सासूही हसली. "पुन्हा," अक्का म्हणाल्या. "आता मी जास्त रडणार." चौथ्या-पाचव्या तालमीला अंबिका कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "रडून झालं का? मी फोन करणार न्हाय." तेव्हा अक्कांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली, की ती पुढं वाकली.

केंद्र सुरू करणाऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. तेलाचा व्यापार मुलांवर सोपवून त्यांनी हे उभं केलं होतं. पुढच्या दालनात त्यांच्या धाकट्या भावाचा हार घातलेला फोटो आहे. तो दारूनं गेला. अण्णा रोज आल्यावर आधी त्या फोटोपुढं उभे राहायचे. अक्कांचं आणि त्यांचं भांडण व्हायचं ते याच फोटोसमोर.

अण्णांनी एक जीप घेतली. "गोड बोलून बाटली सोडलेला माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले. "उचलून आणायचा. महिन्याभरात शुद्धीवर येतो, मग पाया पडतो. सगळीकडं असंच चालतं."

"सगळीकडं काय चालतं ते मी बघून आलेय." अक्का आधी अशाच दुसऱ्या एका केंद्रात कामाला होत्या. "बांधून आणलेला माणूस दारू सोडत नाही, अण्णा. घर सोडतो. ज्यांनी बांधलं त्यांना तो कधी विसरत नाही."

"माझ्या भावाला कुणी बांधून आणलं असतं तर आज तो..."

अक्का आवाज खाली आणून म्हणाल्या, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांच्याशी कुणी बसून बोललं होतं का?"

अण्णा फोटोकडं वळले. पण जीप अंगणात उभीच राहिली.

तेवढ्यात सांगोल्याकडच्या एका खेड्यातून फोन आला. गाडीवाला. नामा नावाचा माणूस होता, थोरल्या भावासाठी बोलत होता. भाऊ म्हणजे तात्या. मेंढरं राखणारं घर, अलीकडं थोडं डाळिंबही. तात्याच्या पोटात पाणी झालं होतं. सांगोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दारू सुटली नाही तर म्हातारा फार दिवस काढायचा नाही. अण्णा तिथंच बसले होते. म्हणाले, "जीप पाठवा."

"मी जाते," अक्का म्हणाल्या.

"आणि नाही आला तर?"

"येईल. नाही तर नाही येणार."

मग ठरलं. माझ्यासमोर ठरलं. महिनाअखेरपर्यंत तात्या स्वतःच्या पायानं आला तर जीप विकायची. नाही आला तर जीप सुरू, आणि पहिली खेप तात्याच्याच दाराशी. "जीप सुरू होईल त्या दिवशी मी बंद," असं म्हणून अक्का उठल्या.

तालीम नामाच्या घरी झाली. नामा, तात्याचा मुलगा बिरा आणि सून कविता. दोघं पुरुष ठीक बोलले. अक्कांनी कविताकडं वळून, तात्यासारखं बसून नुसता घसा खाकरला, तर ती पदर पुढं ओढून स्वयंपाकघरात पळाली.

"अगं, मी आहे!" अक्का ओरडल्या.

"ती न्हाय बोलायची," बिरा म्हणाला. "आमच्यात सून सासऱ्याम्होरं बोलत न्हाय. लगीन झाल्यापासनं तिचा आवाज तात्यांनी ऐकलेला न्हाय."

"ताट कोण वाढतं?"

"तीच की."

"औषध?"

"तीच."

"म्हणजे सगळ्यात जास्त तिनं पाहिलंय." अक्कांनी मला मान हलवून लिहून घ्यायची खूण केली. पण कविता बाहेर आली नाही. अक्कांनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाल्या, "बैठकीला आतल्या दारात बसा. ऐकायला तर मनाई नाही ना?"

बैठक तात्याच्या घरच्या पुढच्या सोप्यात झाली. तात्या भिंतीला टेकून बसला होता. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं पुढं, डोळे पिवळे, आणि त्या डोळ्यांत भरपूर खट्याळपणा. आतल्या दारात कविता पाठमोरी बसली होती, मांडीवर एक करडू घेऊन. त्याची आई मेली होती, म्हणून ती त्याला बाटलीनं दूध पाजत होती.

नामानं सुरुवात केली. "तात्या, म्या सोता पाह्यलं..."

"काय पाह्यलंस? तू आरशात सोताला वळखायला चष्मा लावतुयास."

नामाला हसू आलं आणि तो तिथंच संपला. बिरानं पाठ केलेलं म्हटलं, "तात्या, मला तुमची लई काळजी वाटती."

"ह्ये तू बोलतुयास का ह्या बाईनं घोकून घेतलंय?" तात्या अक्कांकडं वळला. "बाई, तुमी सोलापुरातनं आलाय. पान्याच्या टँकरचं काय बघता का? दारूचं आमचं आमी बघतो."

"टँकरचं नाही बघत, तात्या," अक्का म्हणाल्या. "माझ्या हातात असतं तर तेही बघितलं असतं."

"मग च्या घिऊन जावा."

"चहा नको."

बिरा खाली बघत होता. नामा टोपी नीट करत होता. बैठक हातातून गेली, हे मला दिसत होतं. अक्कांनाही दिसत असावं, कारण त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायची तयारी केली होती. आणि आतल्या दारातून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"का रं करडा, तुज्या मालकाला इच्यार की, गोठ्यामागं रगात कुणाचं पडलं हुतं?"

नामा दचकला. "अगं ये, आत जा." अक्कांनी त्याच्यासमोर तळवा धरला. अक्का परत मांडी घालून बसल्या.

तात्यानं मान वळवली नाही. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "करडा, तिला सांग, म्हाताऱ्या मानसाचा घोळणा फुटतो कदी कदी."

"करडा, मालकाला सांग, घोळणा नाकात असतुय. म्या उलटी धुतली."

"तिला इच्यार, कुणी सांगितलं हुतं धुवायला?"

"कुणीबी न्हाय. पोरं शाळंला निघायच्या आदी धुतली. राख टाकून धुतली. पोरांच्या बापालाबी कळू दिलं न्हाय." बाटली करडाच्या तोंडातून निसटली, ते ओरडलं, तिनं परत दिली. "मालकाला सांग, हितनं फुडं म्या धुनार न्हाय. पडलं तितं ऱ्हाईल. पोरं बघतील, गाव बघंल. मी मुकी हाय म्हणून ह्या घरात समदं झाकलं जातंय."

बिरा उठला. वडिलांदेखत तो बायकोशी थेट बोलला. "कवे, कवा झालं ह्ये? मला का न्हाय बोललीस?"

तिनं बाटली करडाच्या तोंडाशी धरली. तिचं बोलणं करडाशी चाललं होतं.

तात्या भिंतीला धरून उभा राहिला. "करडू लई बोलाय लागलंय," म्हणाला. सोप्याच्या पायरीवर जाऊन तो थांबला. "मी येत न्हाय, बाई. न्यायचंच तर बांधून न्या. मग कुणी म्हनायला नको, तात्या आपुन हून गेला."

"बांधणार नाही," अक्का म्हणाल्या. "आमचं फाटक उघडं असतं. यायचं तर पायानं या."

तात्या मेंढरांकडं निघून गेला. परतताना बसमध्ये मी म्हटलं, नाही जमलं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "ऐकलंत ना? त्याला बांधूनच हवंय. बांधलं की दोष आपला, आणि तो मोकळा." थोड्या वेळानं त्या हसल्या. "मी इतकं शिकले, यादीबाई, पण करडाला बसवायचं मला कुणी शिकवलं नव्हतं."

केंद्रावर अण्णांनी विचारलं, "आला?"

"नाही."

"मग?"

"महिना संपला नाही."

महिना संपायच्या बेतात असताना एका दुपारी वॉचमन पळत आला. फाटकाशी तात्या उभा होता. खांद्यावर घोंगडं, झोकांड्या खात. एसटीनं आला होता आणि वाटेत पिऊन आला होता. त्याच्यामागं चार हात अंतर ठेवून कविता, हातात कपड्यांची पिशवी, पदर पुढं ओढलेला.

तात्या वॉचमनलाच सांगत होता, "ही बाई धुवत न्हाय. दोन दिस तसंच पडलं हुतं. नात इच्यारती, आज्या, ह्ये कुणाचं? काय सांगू मी? आं? तूच सांग, काय सांगू?"

अण्णा पायऱ्यांवर आले. "हा तर पिऊन आलाय!"

"आजारी माणूस आजारी होऊनच दवाखान्यात येतो की," अक्का म्हणाल्या. "पायानं आलाय. फाटक उघडा."

तात्यानं आत पाऊल टाकलं. त्याच्यामागं कविता पिशवी खाली ठेवून भिंतीशी उभी राहिली आणि मग तिथंच खाली बसली. अक्का तिच्याजवळ जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. अक्का माग चालू असताना बोलतात तशा नुसत्या ओठांनी बोलत होत्या.

तात्या राहिला. भांडत राहिला, डॉक्टरांना मेंढराची उपमा देत राहिला, पण राहिला. अण्णांनी जीप विकायला काढली. एक गिऱ्हाईक येऊनही गेलं.

इथं हे संपलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. पण दुसरा एक माणूस होता, शहरातलाच. त्याच्या घरची पहिली बैठक झाली होती, दुसरी ठरली होती. त्याआधीच तो दारूनं गेला. त्याची आई केंद्रावर आली आणि अण्णांच्या भावाच्या फोटोखाली उभी राहून एकच विचारू लागली, "उचलून का नाही आणलात? गाडी तर दारात उभी होती." अक्का तिथंच होत्या. त्यांनी काही समजावलं नाही. म्हातारीला बसवलं, तिचा हात हातात घेतला, आणि ती बोलेल ते सगळं ऐकून घेतलं.

ती गेल्यावर अण्णा म्हणाले, "तात्यासारखा एक. हिच्या मुलासारखे किती?"

"ठाऊक नाही," अक्का म्हणाल्या. "आणि बांधून आणल्यावर घर सोडून गेले ते किती, हे तुम्हालाही ठाऊक नाही. त्यांच्या आया इथं येत नाहीत. मेलेल्याला आपण मोजतो, अण्णा, मोडलेल्याला मोजत नाही."

"मी आणखी एक फोटो सहन करू शकत नाही."

"मी समजू शकते. पण दोर माझ्या हातून नाही, आणि माझ्यादेखत नाही."

अण्णा वाईट माणूस नाहीत, हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. त्यांनी शब्द मोडला तो भावाकडं बघून मोडला. तरी मोडला.

जीप सुरू झाली त्या दिवशी अक्कांनी टेबल आवरलं. त्यांचं सामान फार नव्हतं. एक पिशवी, पाण्याची स्टीलची बाटली, कुणाकुणाच्या घरच्यांनी दिलेल्या दोन-तीन वस्तू. सगळ्यांचा निरोप घेऊन त्या अंगणात उतरल्या, आणि त्याच वेळी जीप फाटकातून आत आली.

मागच्या सीटवर दोन पोरांच्या मध्ये एक माणूस कोंबलेला होता. तिशीतला असेल. मनगटं टॉवेलनं बांधलेली. त्याला खाली उतरवला तेव्हा दिसलं, एका पायात चप्पल नव्हती.

अक्कांनी पिशवी जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. टॉवेलची गाठ ओढून पाहिली. गाठ आवळलेली होती. त्यांनी वाकून ती दातांनी सोडवली.

"मॅडम, बाजूला व्हा," एक पोरगा म्हणाला. "घरच्यांनी सांगितलंय. सोडला तर पळंल तो."

"मग आधी मला बांध की," अक्का म्हणाल्या. "बांध! टॉवेल हा घे." पोरगं मागं सरलं. अक्कांनी त्या माणसाला विचारलं, "नाव काय तुझं?"

तो पोरांकडं, पायऱ्यांवरच्या अण्णांकडं, मग अक्कांकडं बघत राहिला. मनगटं चोळत म्हणाला, "सिद्धाराम."

"सिद्धाराम, इथं राहायचं का घरी जायचं? इथं चांगले डॉक्टर आहेत, राहिलास तर बरं. पण तू सांग."

"घरी."

"चल. मी पण चाललेय."

"शिंदेबाई," अण्णा मला म्हणाले, "फाटक लावून घ्या."

माझ्या हातात दाखल करायचे कागद होते. मी म्हटलं, "अण्णा, तो अजून दाखल झालेला नाही. त्याला अडवायचा आपल्याला अधिकार नाही." वॉचमननं माझ्याकडं पाहिलं आणि फाटकाला हात लावला नाही.

रस्त्यावर एक रिक्षा मिळाली. अक्कांनी आधी त्याला बसवलं, मग स्वतः बसल्या. इंजिनाच्या आवाजातूनही त्यांचं बोलणं मला फाटकात उभं राहून शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"घरात कोण कोण असतं? सगळे एकत्र कधी सापडतील? मी बसायला येणार आहे."

"मी परत हितं येणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"आज नको येऊस. आधी चप्पल कुठं पडली ते सांग."

"काय माहीत. वाटेत झटापटीत जीपमधनं पडली असेल."

"भाऊ, हळू घ्या," अक्का रिक्षावाल्याला म्हणाल्या. रिक्षा सोलापूरच्या दिशेनं निघाली, माणूस चालेल इतक्याच वेगानं. एका बाजूनं तो वाकला होता, दुसऱ्या बाजूनं अक्का अर्ध्या बाहेर झुकल्या होत्या, आणि दोघं रस्त्याच्या कडेनं त्याची चप्पल शोधत चालले होते.